तीन दरपत्रकांचा कॉम्प्युटर

एका दुकानात जायचं, वस्तू मागायची, पैसे द्यायचे आणि घरी यायचं, ही विद्या आमच्या मामंजींना येतच नव्हती. म्हणजे मी लग्न होऊन हैदराबादला आल्यापासून तरी ती मी पाहिली नव्हती. कोथिंबिरीची जुडी घ्यायची झाली तरी अंबरपेठच्या बाजारात तीन गाड्यांवर भाव विचारायचे, तिन्ही ठिकाणी जुडी उचलून झटकायची, नाकाशी धरायची, आणि मग पहिलीच बरी होती म्हणून पहिल्या गाडीवर परत जायचं. तोवर तिथली कोथिंबीर संपलेली. मग पुन्हा तीन गाड्या. इकडे सासूबाई कोथिंबिरीची वाट न बघता आमटी उतरवून पानं घ्यायच्या. त्यांनी संसारात फार लवकर हात टेकले होते. मी टेकायला तयार नव्हते, म्हणून मला जास्त त्रास झाला.

नियम एकच. कमीत कमी तीन दरपत्रकं आल्याशिवाय खरेदी नाही. राज्याच्या आरोग्य खात्यात, भांडार विभागात त्यांची सगळी नोकरी गेली होती. औषधं, खाटा, चादरी, बादल्या, जे काही सरकारी दवाखान्याला लागतं ते टेंडर काढून घ्यायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण घरात खिळा ठोकायचा म्हटला तरी खिळ्याचं टेंडर निघायचं.

चष्म्याचं सांगते. तीन चष्मेवाल्यांकडे डोळे तपासून घेतले. तिघांनी तीन नंबर काढले. आता शहाणा माणूस चौथ्याकडे जाईल, नाहीतर डॉक्टरकडे जाईल. मामंजींनी तिघांतला मधला नंबर निवडला. पुढे वर्षभर हनुवटी वर करून पेपर वाचायचे आणि छपाईचा दर्जा घसरलाय म्हणायचे. आमच्या खोलीतला पंखा ऐन उन्हाळ्यात जळला, तर नवा पंखा आला तेव्हा आंबे संपत आले होते. सुलतान बाजारात तर त्यांना ओळखतात. दिवाळीच्या साड्या घ्यायला गेलो की पहिल्या दुकानातला माणूस मामंजींना पायरीवर पाहताच उलगडलेली साडी घडी करायला घ्यायचा. त्याला माहीत असायचं, आत्ता काही होत नाही, हे लोक संध्याकाळी येतील.

आणि हे सगळं पुण्यातच कळायला हवं होतं. माझ्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी माझ्या वडिलांना अगदी शांतपणे सांगितलं होतं, आम्ही नियमाप्रमाणे तीन मुली पाहिल्या, त्यात आपली कन्या सर्व अटींत बसते. वडील दोन दिवस धुमसत होते. आई म्हणाली, माणूस सरळ आहे हो. सरळ होते हे खरंच. पण इतक्या सरळ माणसाबरोबर एका छपराखाली राहायचं म्हणजे काय, ते आईला कुठे माहीत होतं.

बोलायला मात्र अतिशय गोड. जुनं हैदराबादी मराठी घराणं, आजोबा निजामाच्या काळात कचेरीत, त्यामुळे मराठीत उर्दू मुरलेली. मला नेहमी ‘सूनबाई, तुम्ही’. होकार द्यायचा तर ‘हौ’. आणि राग आला की अदब वाढायची. मी एखाद्या गोष्टीवर तावातावाने बोलायला लागले की खुर्चीकडे हात करून म्हणायचे, तशरीफ ठेवा, फुरसतीत बोलू. या ‘तशरीफ ठेवा’ने माझं जितकं डोकं फिरलं तितकं कुणी शिव्या दिल्या असत्या तरी फिरलं नसतं.

तर आता कॉम्प्युटर.

पुण्यात मी एका ऑफिसात कॉम्प्युटरचं नेटवर्क सांभाळत होते. लग्नानंतर ती नोकरी सुटली आणि इथे आले तर हैदराबादला माझ्यासारखे हजारो. दिलसुखनगरला जिन्याजिन्यावर कोचिंग क्लास, प्रत्येक क्लासवर बोर्ड, प्रत्येक बोर्डावर नोकरीची हमी. त्यातल्या एका क्लासला मी सर्व्हर चालवायचं पुढचं शिक्षण घ्यायला लागले. शिकवायचे बरं, पण हात लावायला मशीन मिळायचं नाही. एका कॉम्प्युटरभोवती चौघं, आणि माऊस ज्याच्या हातात तोच शिकणार. तेवढ्यात क्लासमधल्या मैत्रिणीने बातमी आणली. शहराच्या त्या टोकाला ज्या नव्या नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, त्यातल्या एकीत माणसं घेणार होते. उगादीनंतरच्या, म्हणजे आपल्या पाडव्यानंतरच्या, शनिवारी प्रात्यक्षिक परीक्षा. त्यांच्यासमोर तीन सर्व्हर शून्यापासून उभे करायचे, एकमेकांना जोडायचे, मग ते लोक त्यातला एक मुद्दाम बिघडवणार आणि आपण तो दुरुस्त करायचा. अशा कामाला सवय लागते, वाचून होत नाही.

मला ती नोकरी हवी होती. का हवी होती ते सांगायला लाज कसली? घरात बसून बसून माझा जीव विटला होता. ही परीक्षा हुकली की घरात पुढचा विषय कुठला निघणार, कुणाच्या मावशीला कधी नातवंडं झाली याच्या गोष्टी कशा सुरू होणार, तेही मला दिसत होतं.

सरावाला तीन कॉम्प्युटर कोण घेऊन देणार? पण क्लासच्या सरांनी सांगितलं की आता असं सॉफ्टवेअर निघालंय, एकाच कॉम्प्युटरच्या पोटात आणखी दोन-तीन कॉम्प्युटर चालवता येतात. खरे नव्हेत, नुसते भासाचे, पण वागतात अगदी खऱ्यासारखे. त्यासाठी यंत्र मात्र नीट निवडून घ्यायला हवं, आणि पैसे बेताचे असतील तर कुठे खर्चायचे आणि कुठे वाचवायचे हे समजायला हवं. माझ्याजवळ पुण्याच्या नोकरीतले साठवलेले पैसे होते. सिकंदराबादला कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. तिथे जाऊन एका दुपारात काम झालं असतं. पण मी जेवताना विषय काढला. नवरा म्हणाला, बाबांना एकदा विचार, नाहीतर त्यांना वाईट वाटेल. आमच्या ह्यांचं सगळ्या प्रश्नांवर हे एकच उत्तर असायचं, आणि उत्तर देऊन झालं की ते स्वतः ताट घेऊन उठायचे.

मामंजींनी घास खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की विषय काढल्याचा मला तिथेच पश्चात्ताप झाला.

त्यांना आधी समजून घ्यायचं होतं. एका यंत्रात तीन यंत्रं म्हणजे काय? मी कागदावर चौकोनात चौकोन काढले. बराच वेळ पाहून ते म्हणाले, म्हणजे पोटभाडेकरू. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन पोर्शन भाड्याने दिलेले होते, आणि त्यातल्या एका भाडेकरूने परस्पर एक खोली आपल्या मेव्हण्याला दिली होती, त्यावरून वर्षभर कटकट चालली होती. मामंजी म्हणाले, प्रत्येकाला वाटणार आख्खं घर आपलंच आहे. मालक कोण ते त्याला ठाऊकच नाही. पण खाली पाण्याचा संप, जमिनीतली टाकी, एकच. चौघांनी एकदम नळ सोडला तर कुणालाच पाणी नाही. मग तुमच्या या यंत्रात संप कोणता?

मी म्हटलं, मेमरी.

मग मेमरी मोठी घ्या, बाकी थोडक्यात भागवा, असं म्हणून त्यांनी पुढचा घास घेतला. हे इतकं बरोबर होतं की मला राग आला. सरांनी दोन तास फळ्यावर समजावलं होतं ते हेच.

आणि पहिले काही दिवस खरंच बरे गेले. पांढरी कापडी पिशवी घेऊन ते रोज बसने सिकंदराबादला जायचे. दुकानदार पोरंटोरं, त्यांना वाटायचं आजोबांना नातवासाठी खेळायला हवाय. ते रंगीत दिव्यांचं कॅबिनेट दाखवायचे, घर हादरवणारे स्पीकर दाखवायचे, चित्रं पळवणारं महागडं कार्ड दाखवायचे. मामंजी सगळं ऐकून घ्यायचे, नीट लिहून घ्यायचे, आणि घरी येऊन एकेक वस्तू खोडायचे. स्पीकर कशाला, भाडेकरू भजन करणार आहेत का? कार्ड नको. प्रोसेसर मधला पुरे. हार्डडिस्क मोठी हवी, कारण प्रत्येकाचं सामान वेगळं. मदरबोर्ड नव्या धाटणीचा, म्हणजे मेमरी पुढे वाढवता येईल. एकही निर्णय चुकीचा नव्हता. मी मैत्रिणीला कौतुकाने सांगितलंसुद्धा, की सासरे असावेत तर असे. माझी जीभ झडायला हवी होती.

कारण त्यानंतर टेंडर निघालं. गंमत म्हणून सांगत नाही, खरोखर निघालं. टाइप केलेलं, वर ‘गोपनीय’ असं लिहिलेलं. तांत्रिक पाकीट वेगळं, किमतीचं पाकीट वेगळं, लाखेने बंद करून अमुक तारखेच्या आत आमच्या घरी पोचवायचं. मी म्हटलं, मामंजी, एक कॉम्प्युटर घ्यायचाय. ते म्हणाले, एक म्हणूनच सांभाळून घ्यायचा.

पाकिटं उघडायच्या दिवशी दुकानदारांनी हजर राहायचं असंही त्यात होतं. कुणी येणार नाही अशी माझी खात्री होती. आले. दोघं आले, चांगले इस्त्रीचे शर्ट घालून, एक जण तर मिठाईचा पुडा घेऊन. टेंडरची भाषा वाचून त्यांना वाटलं होतं की कुठल्यातरी दवाखान्याला शेकड्यांनी कॉम्प्युटर घ्यायचेत आणि साहेब घरूनच काम बघतात. सासूबाईंनी चहा आणि उस्मानिया बिस्किटं दिली. मामंजींनी मिठाईचा पुडा हात न लावता परत केला, लाख तपासली, पाकिटं सगळ्यांना दाखवून फोडली आणि आकडे मोठ्याने वाचले. मग त्यातल्या वयाने मोठ्या दुकानदाराने विचारलं की एकूण नग किती.

“एक,” मामंजी म्हणाले.

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी जमिनीकडे बघायला लागले. “साब, एकीच पीसी के वास्ते बुलाए हमना?” तो म्हणाला. मामंजींनी त्याला तशरीफ ठेवायला सांगितलं. तो आधीपासून बसलेलाच होता. दुसरा, मिठाईवाला, हसत सुटला आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत हसत होता. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

इतकं होऊन कॉम्प्युटर आला असता तरी मी सगळं विसरले असते. पण दोनच पाकिटं आली होती, आणि दोन म्हणजे तीन नव्हेत. मुदतवाढ. मुदतवाढीत भाव उतरले, कारण ते दिवसच तसे होते. बाजार खुला झाल्यापासून रोज काहीतरी नवं उतरायचं आणि कालचं स्वस्त व्हायचं. ज्या माणसाने स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, ज्याला टेलिफोन मिळाला तेव्हा फोन करायला ओळखीतली निम्मी माणसं उरली नव्हती, त्याच्या हातात एकदम एवढी दुकानं आणि एवढे भाव पडले. ते हरखून गेले होते. रोज संध्याकाळी बसमधून उतरून मला सांगायचे, सूनबाई, हार्डडिस्क आणखी उतरली, थांबलो ते बराबर झालं. मी म्हणायचे, मामंजी, परीक्षा उतरत नाहीये, ती जवळ येतेय. ते हसायचे. त्यांना तो विनोद वाटायचा.

मी एकदा सरळ विचारलं की सगळं सामान एकाच दुकानातून का नाही घ्यायचं? तो जोडून देईल, बिघडलं तर त्याची मान धरता येईल. मामंजींचा चेहरा उतरला. एकाच्याच पदरात सगळं टाकायचं? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, कुठले लोक? सून कॉम्प्युटर कुठून घेते यात कुणाला काय पडलंय? त्यांनी भावांचा कागद घडी करून पिशवीत ठेवला. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, तू बाबांशी वाद नको घालू. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, बाई गं, माझ्या मंगळसूत्रालासुद्धा तीन सोनार झालेत, तू कुठे बसलीस.

शेवटी प्रत्येक भागाचं वेगळं टेंडर झालं. कॅबिनेट एका दुकानाचं, मदरबोर्ड दुसऱ्याचा, हार्डडिस्क तिसऱ्याची, जो ज्यात स्वस्त त्याचं ते. उगादीच्या आदल्या आठवड्यात सगळे खोके घरात येऊन पडले. उगादीची पचडी खाल्ली, कडू-गोड सगळं एकदम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी जमिनीवर चादर अंथरून जोडायला बसले. मामंजी शेजारी स्टुलावर. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसला. प्रोसेसर बोर्डात बसला, वर पंखा बसला. हार्डडिस्क बसली. मेमरीची पट्टी घेतली, बोर्डावरच्या फटीवर धरली, दाबली. बसेना. उलटी करून पाहिली. बसेना.

त्या काळात बाजारात मेमरीच्या दोन जाती होत्या, एक जुनी आणि एक नवी. जुन्या पट्टीला खालून दोन खाचा, नवीला एक. आमचा बोर्ड नव्या जातीचा होता. आणि पट्ट्यांना दोन खाचा होत्या.

पण मी मामंजींना दिलेल्या यादीत जात लिहिली होती, स्वच्छ अक्षरात. मी मामंजींना विचारलं. ते म्हणाले, हौ, तुम्ही लिहिली होती. पण नव्या जातीची मेमरी तेव्हा एकाच दुकानात होती, सूनबाई. एकच दुकानदार पात्र ठरेल अशी अट टेंडरात घालता येत नाही. तो पक्षपात होतो. म्हणून अट शिथिल केली, दोन्ही जाती चालतील असं लिहिलं. मग तीन दरपत्रकं आली. जुनी सगळ्यात स्वस्त होती.

म्हणजे त्यांना माहीत होतं. दोन जाती आहेत हे माहीत होतं, आणि मेमरीच्या टेंडरात तसूभर चूक नव्हती. बोर्डाच्या टेंडरातही चूक नव्हती. फक्त हे दोघं एकमेकांशेजारी बसणार आहेत हे कुठल्याच टेंडरात आलं नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना. पट्ट्या परत करून बघू म्हणून दुकानात फोन केला, तर विकलेला माल परत नाही. मामंजी शांतपणे म्हणाले, हरकत नाही, अल्प मुदतीचं फेरटेंडर काढू. पंधरवड्यात होऊन जाईल.

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. आवाज चढला असणार, कारण वरच्या पोर्शनमधली बाई गॅलरीत आली.

“मामंजी, मला दरपत्रक नको. मला मेमरी हवी. शनिवारी माझी परीक्षा आहे. ही गेली तर मला पुन्हा कुणी बोलावणार नाही, आणि तुम्ही तेव्हा फेरटेंडर काढत बसला असाल. इतकी काळजी घेतलीत ती कुणाची? माझी तर नाही घेतलीत.”

ते मला तशरीफ ठेवा म्हणतील म्हणून मी दात आवळून उभी होते. ते उठले, आपल्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं. दुपारी जेवायलाही आले नाहीत.

सासूबाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या मेथी निवडत बसल्या आणि निवडता निवडताच सांगितलं. मामंजी तरुण असताना एका जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात भांडार सांभाळत होते. गावाबाहेरचं तळं फुटलं आणि पाणी दवाखान्याच्या तळमजल्यावर शिरलं. तळमजल्यावर बाळंतिणींचा वॉर्ड. गावात एकच दुकान उघडं होतं. मामंजींनी तिथून पाणी उपसायचा पंप उचलला, भाव विचारला नाही, कुणाची परवानगी घेतली नाही, स्वतःच्या सहीवर आणून लावला. काही महिन्यांनी कुणीतरी अर्ज केला की साहेबांचं त्या दुकानदाराशी संधान आहे, तीन दरपत्रकं न घेता खरेदी केली. मामंजी निलंबित झाले. चौकशी वर्षानुवर्षं चालली. सोयऱ्याधायऱ्यांनी घरी यायचं सोडलं, बाजारात लोक कुजबुजायचे. पुढे निर्दोष सुटले, पण बढती गेली ती गेलीच.

“तेव्हापासून बघ,” सासूबाई म्हणाल्या, “मला या घरात कोथिंबीर वेळेवर मिळालेली नाही.”

मी विचारलं की हे मला आधी का नाही सांगितलं. तर म्हणे, सांगण्यासारखं काय आहे त्यात, आणि मुलाला तरी कुठे नीट माहीत आहे. मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त संताप आला, या घरातल्या सगळ्यांचा. एवढी गोष्ट पोटात ठेवून ही माणसं वर्षानुवर्षं चष्म्याच्या नंबरावर आणि पंख्यावर वाद घालत होती. आणि पंपाची हकीकत कळली म्हणून काही जुनी मेमरी नव्या बोर्डात बसणार नव्हती. मी ठरवलं, उद्या आपणच जायचं आणि मिळेल ती आणायची.

सकाळी उठले तर मामंजी घरात नव्हते. चहासुद्धा न घेता गेलेत, पिशवी खुंटीवरच आहे, असं सासूबाई म्हणाल्या. मी आवरून निघतेय एवढ्यात दाराशी ऑटो थांबला. आमच्या घराशी ऑटो थांबणं हीच नवलाची गोष्ट, कारण मामंजी तीन ऑटोवाल्यांना विचारायचे आणि मग बसने यायचे. ते उतरले, मीटरकडे न बघता पैसे दिले, आत आले आणि हातातली छोटीशी डबी माझ्यापुढे धरली. आत मेमरीच्या पट्ट्या होत्या. एक खाच. मी यादीत लिहिली होती त्याच्या दुप्पट.

कुठून घेतली, मी विचारलं. जिना चढल्यावर पहिलं दुकान लागतं तिथून, ते म्हणाले. केवढ्याला? तो म्हणाला तेवढ्याला. एवढं बोलून ते स्टुलावर बसले. घाम आला होता. त्या बाजारातला आदल्या दिवसापर्यंतचा प्रत्येक भाव या माणसाला तोंडपाठ होता, तेव्हा दुकानदाराने आपल्याला किती कापलं हे त्यांना पैसे मोजतानाच समजलं असणार.

मी पट्ट्या बसवल्या. टक्कन बसल्या. संध्याकाळपर्यंत मी त्या यंत्राला खिळले होते, आणि मामंजी मधे एकदा चार घास खाऊन आले तेवढं सोडलं तर स्टुलावरून हलले नाहीत. त्यानंतरचे सगळे दिवस मी तीन सर्व्हर उभे करायचे, मोडायचे, पुन्हा उभे करायचे. शनिवारी परीक्षा दिली. नोकरी लागली, आणि पुढे बरीच वर्षं केली. मामंजी सुधारले वगैरे मुळीच नाही. पहिल्या पगारात मी घरासाठी मिक्सर घ्यायचा म्हटला तर त्यांनी पाकिटांना लाख आणायला सांगितलं, आणि मी पुन्हा तावातावाने बोलायला लागले.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. पडद्यावर तीन चौकटी होत्या. पहिला सर्व्हर उठला. दुसरा उठला. तिसऱ्याला वेळ लागत होता, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. मग तोही उठला. मी एकाकडून दुसऱ्याला हाक मारून पाहिली, उत्तर आलं.

“चाललं?” मामंजींनी विचारलं.

“चाललं.”

“तिन्ही?”

“तिन्ही, मामंजी.”

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. मग पडद्याकडे बघतच म्हणाले, “माझी फार मोठी चौकशी झाली होती, सूनबाई. पंप कुठून आणला विचारलं. कुणाला विचारून आणला विचारलं. दुकानदार तुमचा कोण लागतो विचारलं. सगळं विचारलं. पाणी निघालं का, ते कुणीच विचारलं नाही.”

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

“निघालं का हो, मामंजी?”

“हौ,” ते म्हणाले. “दुपारपर्यंत वॉर्ड कोरडा झाला. संध्याकाळी तिथे एक पोरगी जन्मली.”